इंग्रजी निबंध पोरांकडून लिहून घ्यायचा कसा (पाठ करून नव्हे)

नोकरीच्या पहिल्या वर्षी नववीला मी 'इफ आय वेअर अ बर्ड' हा निबंध दिला. 41 वह्या आल्या. 38 वह्यांत एकच पक्षी, तोच बर्फाच्या डोंगरांवरून उडणारा, तोच शेवटी देशाची सेवा करणारा, कारण सगळ्यांकडं गाईड एकच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या पोरांनी बर्फ बघितलाय तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. दोन वह्या कोऱ्या. आणि एका वहीत दोनच ओळी, 'आय डोन्ट वॉन्ट टू बी बर्ड. बिकॉज कॅट.' मी त्याला पाचपैकी एक मार्क दिला आणि खाली लाल पेननं 'इनकम्प्लीट' असं लिहिलं. आता आठवलं की लाज वाटते, कारण अख्ख्या वर्गात खरं लिहिलं होतं ते त्या एकट्यानं, बाकीच्यांनी उतरवलं होतं.

तेव्हापासून जे जे करून बघितलं त्यातलं जे चाललं ते इथं सांगते. आपल्याकडं मराठी माध्यमाला आठवी-नववी-दहावीला जे इंग्रजी शिकवतात त्यांच्यासाठी आहे हे. आपली पोरं कशी आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, आणि परीक्षेला तिसरीच लिपी. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, मराठी 125 मार्कांची, इंग्रजी 100 ची, पण मराठी कानावर दिवसभर पडते आणि इंग्रजी फक्त आपल्या चाळीस मिनिटांच्या तासाला. कितीतरी पोरं इंग्रजी धड्यावर पेन्सिलीनं देवनागरी लिहून ठेवतात आणि तेच वाचतात. मग सगळे म्हणतात, पोरांना इंग्रजीच येत नाही तर क्रिएटिव्ह रायटिंग कुठनं येणार. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. पोरगं अडतं त्याचं मोठं कारण हे की जे त्याला माहीत आहे आणि टीचरला माहीत नाही असं काही त्याला कधी कुणी विचारलेलंच नसतं. 'माय मदर', 'माय स्कूल', 'रेनी सीझन', या सगळ्याचं उत्तर टीचरला आधीच पाठ आहे हे पोराला कळतं ओ, ते खुळं नाही. मग ते तेच पाठ उत्तर परत आणून देतं.

म्हणून पहिलं काम, प्रश्न बदला. आणि पहिली दहा मिनिटं मराठीत बोलू द्या, तेही बेळगावी मराठीत. ट्रेनिंगला गेलं की सांगतात इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच, मी मान डोलावते आणि वर्गात येऊन मराठीत सुरू करते. इंग्रजीत विचार करायला लावलं की पोराच्या डोक्यात तेवढेच विचार येतात जेवढी इंग्रजी वाक्यं त्याला येतात, म्हणजे 'शी इज व्हेरी काइंड' च्या पुढं गाडी जात नाही.

एक उदाहरण नीट सांगते. आता मी बेळगावात वडगावच्या बाजूला शिकवते, तिकडं घराघरात लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. एका मुलीनं 'माय मदर' लिहून आणलं, आई पहाटे उठते, रुचकर जेवण करते, माझी बेस्ट फ्रेंड आहे, वगैरे. मी वही मिटली आणि विचारलं, आई दिवसभर हातानं काय करते गं? म्हणाली, कांड्या भरते की. किती भरते, कुठं बसून, तू शेजारी असलीस तर काय बोलता? तर म्हणाली, 'बोलत नाही टीचर, लूमचा आवाज असतोय न्हवं, हातानंच सांगती. पाणी आण, भात बघ, सगळं हातानं.' मी म्हटलं, हेच लिही, एका वाक्यात एकच गोष्ट. तिनं लिहिलं ते असं, 'माय मदर फिल्स बॉबिन्स. द लूम इज व्हेरी लाउड. सो शी टॉक्स विथ हर हँड्स. व्हेन करंट गोज, वुई कॅन हिअर हर बँगल्स.'

शेवटचं वाक्य वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. आता 'करंट गोज' हे पुस्तकी इंग्रजी नव्हे, 'द पॉवर गोज आउट' पाहिजे, पण ते मी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गाला म्हणून सांगितलं. चार वाक्यं, बारावी-पंधरावीतला शब्द एक नाही, आणि 'माय मदर इज हार्डवर्किंग' हे न म्हणता कळतंय की नाही बघा. इंग्रजीच्या पुस्तकात याला दाखवा, सांगू नका असं म्हणतात. पोरांना ते तत्त्व सांगून काही उपयोग नाही, त्यांना फक्त विचारायचं, हातानं काय करते, कानाला काय येतं, वास कशाचा, किती. 'किती' हा प्रश्न विशेष चांगला, कारण आकडा इंग्रजीत लिहायला सगळ्यांना येतो.

दुसरी अडचण हमखास येते, 'टीचर, याला इंग्लिशमधी काय म्हणतात वो?' खानापूर-जांबोटीकडच्या पोरांना पावसाचे चार-पाच शब्द सहज येतात, भुरभुर, रिपरिप, झड, सर, धो-धो, आणि इंग्रजीत सगळ्यांचं मिळून 'हेवी रेन' होतं. डिक्शनरीत शोधत बसलं की तास संपतो आणि पोरगं 'ड्रिझल' लिहून आणतं जे त्याचं नसतंच. मी सांगते, शब्द नाही ना, मग त्या पावसानं काय केलं ते लिही. भुरभुर पावसात छत्री उघडतोस का? नाही. मग वही कोरडी राहते का? नाही. झालं की, 'वुई डिड नॉट ओपन द अम्ब्रेला, बट अवर नोटबुक्स गॉट वेट.' झड म्हणजे काय, तर 'द स्कूल युनिफॉर्म डिड नॉट ड्राय फॉर फोर डेज. मदर ड्राइड इट नियर द चूल.' 'चूल' तशीच ठेवली, हार्थ म्हणा स्टोव्ह म्हणा, ती चूल होत नाही. वाक्यावरून वाचणाऱ्याला कळतं तेवढं पुरे.

सुरुवातीला मात्र एकदम निबंधावर जाऊ नका. कोडी घ्या, आजीची उमाणी. आपल्याकडच्या पोरांना ती अजून येतात, आणि कोडं म्हणजे काय तर वस्तूचं नाव न घेता ती डोळ्यापुढं उभी करायची, अख्खं क्रिएटिव्ह रायटिंग त्यात आलं. तीन वाक्यांचं इंग्रजी कोडं करा, चौथं वाक्य 'हू ॲम आय', बास. एका पोरानं केलेलं, 'आय ॲम ब्राउन. आय वॉज मिल्क. पीपल टेक मी टू पुणे इन अ बॉक्स.' सगळा वर्ग ओरडला, कुंदा! आपली बेळगावची दुधाची मिठाई. 'आय वॉज मिल्क' मध्ये 'वॉज' बरोबर पडलंय ते बघा, व्याकरणाच्या तासाला तोच पोरगा 'इज' आणि 'वॉज' मध्ये गोंधळतो. कोड्याला एक तास पुरतो आणि पाठ करून आणायची सोयच नसते.

मध्येच एक गंमत सांगते. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, बेळगाव-चंदगडकडं बायकांचं बोलणंच तसं आहे, आणि पुण्याची पाहुणी आली की हसते म्हणून पोरी बोलायच्या बंद होतात. इंग्रजीत 'आय केम, आय वेंट', मुलगा काय मुलगी काय, कुणी हसायला जागाच नाही. हे एकदा वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरच्या दोघी पहिल्यांदा हसून लिहायला लागल्या. अशा बारीक गोष्टीनं धीर येतो.

धीर जातो मात्र लाल पेननं, आणि यात माझी स्वतःची चूक सांगायलाच पाहिजे. एका मुलीच्या एका पानावर मी 31 गोल केले होते, तिनंच मोजून मैत्रिणीला सांगितलेलं. पुढं वर्षभर तिनं पाच ओळींच्या वर लिहिलं नाही, कमी लिहिलं की कमी गोल, हिशेब बरोबरच होता तिचा. आता मी एका वेळी एकच चूक धरते. या पंधरवड्यात फक्त क्रियापदाचा काळ, पुढच्यात फक्त वाक्याचा क्रम, कारण मराठी आणि कन्नड दोन्हीत क्रियापद शेवटी येतं आणि पोरं 'आय टू स्कूल गो' लिहितात ते त्यामुळंच. बाकी चुका दिसत असल्या तरी हात आवरायचा. आणि मार्जिनमध्ये एक खरा प्रश्न लिहायचा, मराठीत लिहिला तरी चालतो, 'मग त्या म्हशीचं काय झालं?' याचं उत्तर द्यायला म्हणून पोरं स्वतःहून दोन ओळी वाढवतात.

आता पर्सुएसिव्ह रायटिंग, म्हणजे समोरच्याला पटवून देणारं लिखाण. हे पोरांना शिकवायला लागतं असं मला वाटतच नाही, ती त्यातली मास्टर आहेत, फक्त त्यांना ते माहीत नसतं. मी विचारते, सहल निघालीय विजयपूरला, गोल घुमट बघायला, 600 रुपये भरायचेत. आईकडं कसे मागणार, बाबांकडं कसे, आजीकडं कसे? एकदा एक पोरगा उठून म्हणाला, 'आईला सांगणार सगळी पोरं जाणार हाईत, मी एकटाच ऱ्हातो. बाबांना सांगणार टीचरनी सांगितलंय, इंटर्नल मार्क हाईत. आजीला काय सांगायचं नाही, नुस्तं तोंड पाडून जेवायला बसायचं.' वर्ग हसून लोळला. मग मी फळ्यावर लिहिलं की साधारण साडेतेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल नावाच्या माणसानं हेच तीन भाग करून सांगितलंय, कोण सांगतंय त्याचं वजन, मुद्द्याचा हिशेब, आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला काय लागतं. इथॉस, लोगॉस, पेथॉस. टीचरचं नाव सांगितलं ते पहिलं, मार्कांचं दुसरं, आजीपुढं पाडलेलं तोंड म्हणजे तिसरं. नावं विसरली तरी चालतील, आजी विसरत नाहीत.

यातनं जी गोष्ट पोरांना कळते ती हीच की आधी माणूस ठरवायचा, मग वाक्य. आपण निबंधाला विषय देतो पण वाचणारा देत नाही, 'राइट अबाउट क्लीनलीनेस', कुणाला सांगू? भिंतीला? म्हणून मी विषयाबरोबर माणूस देते. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, अध्यक्षांना पटवा की मुलींच्या टॉयलेटला कडी पाहिजे. सातवीतल्या पोराला पटवा की आमच्या हायस्कूलला ये. दुकानदाराला पटवा की शाळेसमोर गुटख्याच्या माळा लावू नको.

खानापूरकडं असताना आम्ही एक खरं पत्र लिहिलं. फाट्यावर 8:45 ची बस थांबत नव्हती, कुठल्या डेपोची ते सांगत नाही. पहिला मसुदा सगळ्यांचा एकच, 'रिस्पेक्टेड सर, वुई आर फेसिंग मेनी प्रॉब्लेम्स. काइंडली डू द नीडफुल.' मी विचारलं, हे वाचून तुम्ही खुर्चीतनं उठाल का? नाही. 'मेनी' म्हणजे किती? 'प्रॉब्लेम' म्हणजे नक्की काय? मग एक आठवडा सोमवार ते शनिवार पोरांनी मोजलं. आणि मी सांगितलं की तो साहेब काय उत्तर देईल ते आधीच शोधून ठेवा. पोरं म्हणाली, साहेब म्हणेल की बस फुल्ल असते. मग मागच्या गावात चढणाऱ्या एका मुलीला आतनं रिकाम्या सीटा मोजायला सांगितल्या, ही कल्पना पोरांचीच. शेवटचं पत्र असं झालं, 'सेव्हन्टीन स्टुडंट्स वेट ॲट अवर स्टॉप फॉर द 8:45 बस. लास्ट वीक इट स्टॉप्ड ऑन टू डेज आउट ऑफ सिक्स. ऑन फोर डेज वुई वॉक्ड थ्री किलोमीटर्स अँड मिस्ड द फर्स्ट पीरियड. यू मे से द बस इज फुल. ऑन थर्सडे देअर वेअर फाइव्ह एम्प्टी सीट्स. कुड यू प्लीज आस्क द ड्रायव्हर टू गिव्ह अस वन मिनिट?'

या पत्रात तीन गोष्टी आहेत त्या वर्गात थांबून दाखवा. आकडे, ते तर झालंच. 'यू मे से', म्हणजे समोरच्याचं म्हणणं आपणच आधी मांडून त्याला उत्तर द्यायचं, भांडणात आपल्या आयाबाया हे किती छान करतात, 'तू म्हणशील मी सांगितलं नव्हतं, पण काल विहिरीवर कोण होतं?' आणि तिसरं, 'कुड यू प्लीज'. पहिल्या मसुद्यात 'यू मस्ट स्टॉप द बस' होतं. का, तर मराठीत 'पाहिजे', कन्नडमध्ये 'बेकु', एकाच शब्दात हुकूम, गरज, इच्छा सगळंच येतं, आणि पोरांना 'पाहिजे' म्हटलं की 'मस्ट' एवढंच पाठ. मी जिना काढते फळ्यावर. बस थांबवा, 'स्टॉप द बस'. थांबवलीच पाहिजे, 'मस्ट'. थांबवायला हवी, 'शुड'. थांबवाल का, 'कुड यू'. थांबवलीत तर बरं होईल, 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ'. कुणाशी कुठल्या पायरीवरनं बोलायचं ते पोरांनाच ठरवायला लावा, त्यांना मामाशी आणि पोलिसाशी कसं बोलायचं ते बरोबर कळतं.

पत्त्यावरनं एकदा वाद झाला, बेळगाव लिहायचं की बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे. मी म्हटलं, पत्र ज्याच्या टेबलावर जाणार त्याच्या रजिस्टरला जे आहे ते पाकिटावर लिहा, घरात काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा. वाचणारा ओळखणं यातसुद्धा येतं.

उत्तर काही आलं नाही. बस मात्र दिवाळीपर्यंत थांबली, नंतर पुन्हा पहिले दिवस. पोरं म्हणाली, 'टीचर, परत मोजूया?' पुढच्या पत्राला मला काही सांगावं लागलं नाही.

खरं पत्र दर वेळी जमत नाही, तेव्हा वाद घाला. शाळेत खायला अंडं द्यावं, केळं की चिक्की हा विषय दिला तर वर्ग फुटायचा बाकी राहतो. फक्त एक करा, जो अंड्याच्या बाजूचा आहे त्याला केळ्याच्या बाजूनं लिहायला लावा. फळ्यावर पाच शब्द, बिकॉज, सो, बट, इफ, फॉर एक्झाम्पल, आणि प्रत्येक शब्द एकदा तरी वापरायचा. प्रतिभा कारंजीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या स्पर्धांच्या, भाषणात जे ऐकायला मिळतं, म्हणजे कुणीतरी लिहून दिलेलं इंग्रजी श्वास न घेता म्हणायचं, त्यापेक्षा हे तुटकं इंग्रजी मला कधीही चालेल.

दहावीवाले विचारतील, याचा परीक्षेला उपयोग काय. आहे. क्लूवरनं गोष्ट लिहायची असते तिथं पोरं सगळे क्लू 'अँड देन, अँड देन' नं जोडतात. सांगा की एका क्लूवर थांब, तिथं दोन वाक्यं जास्त लिही, माणसं काय बोलली ते लिही. चित्रवर्णनाला 'धिस इज अ मार्केट' च्या ऐवजी चित्रातला एकच माणूस पकड. पत्राचा फॉरमॅट, तारीख, पत्ता, 'युवर्स फेथफुली', हे मात्र सरळ पाठच करून घ्या, तिथं क्रिएटिव्हिटीचं काही काम नाही. आणि सगळं हे आठवी-नववीतच करा, दहावीला जानेवारीनंतर कुणाला वेळ नसतो, तुम्हालाही नसतो. पंधरा दिवसाला एक तास काढला तरी भागतं.

मोबाईलवरच्या एआयचं म्हणाल तर ते नवं गाईडच आहे, जरा चकचकीत. घरी निबंध दिला की परत 38 पक्षी येणार, आता फक्त स्पेलिंग बरोबर असलेले. म्हणून पहिला मसुदा वर्गातच, पेननं. आणि प्रश्न असा की ज्याचं उत्तर फोनला माहीत नाही, कांड्या कोण भरतं ते फोनला काय माहीत.

शेवटचं एक, आणि हे मला सगळ्यात उशिरा सुचलं. आपल्याकडं कितीतरी ठिकाणी एकाच आवारात मराठी आणि कन्नड वर्ग असतात. ग्राउंडवर ही पोरं अर्धं कन्नड अर्धं मराठी करून कबड्डी खेळतात, पण एकमेकांचं लिहिलेलं वाचता येतंच असं नाही. मग इंग्रजीत पत्रं लिहायला लावा, मराठी आठवीनं कन्नड आठवीला, त्यांच्या टीचरशी बोलून. एका मुलीनं लिहिलं की आमच्याकडं होळीला पोळी करतात. पलीकडनं उत्तर आलं, 'व्हॉट इज पोळी? इज इट होळिगे? इन अवर हाउस होळिगे इज बेटर.' तिनं त्यावर न सांगता पाऊण पान लिहिलं, डाळ कशी शिजवायची, कट कसा काढायचा, आणि 'बेटर' का म्हणायचं नाही ते, आणि मला दाखवायच्या आधी पळत जाऊन देऊन पण आली.